जठरांतील जंतु आणि पर्थचे दोन डॉक्टर

माझे मामा तालुक्याच्या कचेरींत कारकून होते. ऐन चाळिशींत त्यांच्या पोटांत रात्रीं-अपरात्रीं दुखूं लागलें, आणि डॉक्टरांनीं अल्सर, म्हणजे लहान आंतड्याच्या तोंडाशीं झालेला व्रण, असें निदान केलें. दोन दोन तासांनीं दूध, तिखट वर्ज्य, काळजी करावयाची नाहीं, असा उपचार ठरला. आणि आम्ही घरच्या मंडळींनीं सारा दोष मामांच्या तापट स्वभावावर टाकला. यांत डॉक्टरांचें कांहीं चुकलें असें नाहीं. आम्लावांचून व्रण होत नाहीं, हें १९१० सालीं श्वार्त्स नामक शल्यवैद्यानें मांडलेलें सूत्र साऱ्या जगांत प्रमाण मानलें जात होतें. १९७६ सालीं सिमेटिडीन हें आम्ल कमी करणारें औषध निघालें. त्यानें व्रण भरून येत. परंतु औषध थांबलें कीं पुष्कळांचे व्रण पुनः उघडत. मामांच्या जठराचा कांहीं भाग तर त्याच्या आधींच कापून काढावा लागला होता.

ह्या सर्व काळांत खरें कारण सूक्ष्मदर्शकाखालीं दिसण्यासारखें होतें. जठरांत नागमोडी जंतु दिसल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आढळतात. परंतु १९५४ सालीं पामर नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें हजाराहून अधिक रुग्णांच्या जठरांचे तुकडे तपासले व जंतु नाहींत असा निर्वाळा दिला. इतक्या तीव्र आम्लांत जीव जगणारच कसा, ह्या समजुतीस त्यामुळें बळकटी आली आणि प्रश्न मिटला असें विद्वानांनीं धरलें.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ शहरांत, तेथील रॉयल पर्थ हॉस्पिटलांत, रॉबिन वॉरन हे रोगविकृतींची तपासणी करीत असत. जून १९७९ मध्यें जठराच्या एका तुकड्यावर त्यांस हे जंतु दिसले. मग ते शोधूंच लागले, आणि जेथें जठराचा दाह तेथें जंतु असा मेळ त्यांस वारंवार आढळला. सहकारी फारसें लक्ष देत नसत. १९८१ सालीं पचनसंस्थेच्या विकारांचें शिक्षण घेणारा बॅरी मार्शल हा तिशींतील तरुण डॉक्टर त्यांस येऊन मिळाला. दोघांनीं १०० रुग्ण निवडले.

जंतु प्रयोगशाळेंत वाढवून दाखवावयाचे होते, आणि ते कांहीं केल्या वाढेनात. पहिले तीसहून अधिक प्रयत्न फसले. रिवाज असा कीं दोन दिवसांत कांहीं उगवलें नाहीं तर बशी फेंकून द्यावयाची. एप्रिल १९८२ मध्यें ईस्टरच्या सुट्ट्या आल्या आणि एक बशी पांच दिवस तशीच राहून गेली. सुट्टीनंतर पाहतात तों जंतूंच्या वसाहती! बिचारा जंतु सावकाश वाढणारा होता, इतकेंच. (वर्गांतील मंद म्हणून शेरा मारलेलीं कांहीं मुलें मला येथें आठवतात.) त्या शंभरांतील आंतड्याचा व्रण असलेल्या तेराहि रुग्णांत हा जंतु सांपडला. तो युरियापासून अमोनिया तयार करून स्वतःभोंवतालचें आम्ल मारतो आणि जठराच्या बुळबुळीत अस्तरांत दडून बसतो, हेंहि पुढें कळलें.

तज्ज्ञ मंडळींस हें पटेना. डुकराच्या पिलांवरील मार्शलचे प्रयोगहि साधले नाहींत. तेव्हां १९८४ सालीं त्यानें प्रथम आपलें जठर निरोगी असल्याची तपासणी करवून घेतली आणि एका रुग्णाच्या जठरांतून वाढविलेले जंतु स्वतःच पिऊन टाकले. पत्नीस आधीं सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर प्रयोग झालाच नसता, असें मला वाटतें. कांहीं दिवसांत ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडास दुर्गंधि येऊं लागली, आणि दहाव्या दिवशीं त्याच्या जठरांत दाह व जंतु दोन्ही दिसले.

वृत्तपत्रांस ही गोष्ट फार आवडते. पण नीट पाहूं गेल्यास तिनें दाह सिद्ध होतो, व्रण नव्हे. खरा पुरावा डिसेंबर १९८८ च्या ‘लॅन्सेट’मध्यें आला. आंतड्याचे व्रण असलेल्या १०० रुग्णांवरील त्या प्रयोगांत ज्यांचे जंतु नाहींसे झाले त्यांच्यापैकीं शेंकडा २१ जणांसच वर्षभरांत पुनः व्रण झाला. ज्यांचे राहिले त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ८४ होतें. १९८९ सालीं जंतूस हेलिकोबॅक्टर पायलोरी हें नांव मिळालें, आणि १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें त्यास जठराच्या कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणलें. जंतु बाळगणाऱ्या बहुतेकांस व्रण होत नाहीं, आणि कांहीं व्रण वेदनाशामक गोळ्यांनींहि होतात, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

२००५ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. वॉरन २०२४ सालीं निवर्तले. पारितोषिकाची बातमी आली तेव्हां मामा हयात नव्हते. मामींस मीं वर्तमानपत्र वाचून दाखविलें. त्यांनीं तें मला पुनः एकदां वाचावयास लावलें, आणि बऱ्याच वेळानें विचारलें, “मग अरे, त्यांना ठेचा चालला असता कीं रे?”

मला होय म्हणावें लागलें.