अर्ध्या इंचाचा फरक

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीत मातीचा किल्ला व्हायचा. दगड रचायचे, वर गोणपाट टाकायचे, त्यावर चिखल लिंपायचा आणि अळीव पेरायचे. त्या कामात आम्ही मुसलमानांची पोरेही कोपरापर्यंत माखलेली असायचो. बाजारातून आणलेले मावळे मात्र नेहमीच भलतेच मोठे निघायचे. माझे अब्बा शिंपी होते, गळ्यात कायम टेप. एकदा ते किल्ल्यापाशी थांबले आणि हसून म्हणाले, "बेटा, ये सिपाही इस दरवाजे में से अंदर कैसे जाएगा?"

मला तेव्हा त्याचा राग आला होता. ते वाक्य आठवण्याचे निमित्त परवा घडले.

मी भाषेचा शिक्षक. गणिताचे सर रजेवर होते म्हणून त्यांचा गुणोत्तर-प्रमाणाचा तास माझ्याकडे आला. एका मुलाने मामाने दिलेल्या प्लास्टिकच्या विमानाचा खोका आणला होता. खोक्यावर १/७२ असे छापले होते. त्याने विचारले, "सर, बहात्तरच का? शंभर का नाही?" मला उत्तर येत नव्हते. उद्या सांगतो म्हटले आणि घरी येऊन शोधायला बसलो. त्या शोधात जेम्स हे स्टीव्हन्स हा इंग्रज माणूस भेटला.

बहात्तरचे गणित तसे सोपे आहे. इंग्रजांचे माप फूट आणि इंचांचे. सहा फुटांचे बहात्तर इंच होतात. म्हणून १/७२ च्या मापात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. आधी माणसाची उंची धरायची आणि तिच्यावरून विमान मोजायचे, ही कल्पना मला फार आवडली. शिंपीही तेच करतो.

१९३२ साली लंडनच्या ए. जे. हॉलाडे कंपनीने 'स्कायबर्ड्स' नावाने विमानांचे संच विकायला काढले. त्यांची रचना स्टीव्हन्सची होती. खोक्यात ढोबळ आकार दिलेले लाकडाचे तुकडे आणि धातूचे बारीक भाग असत. पोरांनी लाकूड तासायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. आजच्या प्लास्टिकच्या संचासारखे खोका उघडला आणि चिकटवले, असे ते काम नव्हते. पुढच्याच वर्षी त्याचे 'स्केल मॉडेल एअरक्राफ्ट' हे पुस्तक आले.

खेळण्यातली विमाने बाजारात आधीही होती, पण ज्याचे त्याचे माप वेगळे. कारखान्याला सोयीचे पडेल तेवढे किंवा खोक्यात मावेल तेवढे विमान. त्यामुळे छोटे लढाऊ विमान आणि मोठे बॉम्बफेकी विमान टेबलावर सारखेच दिसायचे. आमच्या किल्ल्याचाच प्रकार. स्टीव्हन्सने सगळ्यांना एकच माप लावले. दोन विमाने शेजारी ठेवली की कोण किती मोठे हे कोणी सांगावे लागत नसे.

या छंदाभोवती 'स्कायबर्ड लीग' उभी राहिली. गावोगावी तिचे क्लब निघाले आणि 'द स्कायबर्ड' नावाची पत्रिकाही निघू लागली. एकेकटे, घराच्या कोपऱ्यात लाकूड तासणारे हात एकमेकांना भेटले. माप एकच असल्यामुळे एका गावच्या मुलाचे विमान दुसऱ्या गावच्या मुलाच्या विमानाशेजारी ठेवता येत होते. १९३६ मध्ये 'फ्रॉग' कंपनीने प्लास्टिकचे संच काढले, तेही याच मापाचे. ती विमाने उडणारी नव्हती, म्हणून त्यांचे नाव ठेवले 'पेंग्विन'. मुलांना हे सांगितले तेव्हा वर्ग खूप हसला.

इथपर्यंत हा शौकाचा इतिहास आहे. पुढचे वाचताना मात्र मी थांबलो.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटन महायुद्धात उतरले. तीनच दिवसांनी, ६ सप्टेंबरच्या सकाळी, शत्रूची विमाने येत असल्याचा इशारा मिळाला. तो खोटा होता. 'हरिकेन' जातीची ब्रिटिश विमाने आकाशात चढली. मागून 'स्पिटफायर' जातीची विमाने आली, तीही ब्रिटिशच. स्पिटफायरवाल्यांनी समोरची विमाने शत्रूची समजून गोळ्या झाडल्या. दोन हरिकेन पडली. एकाचा वैमानिक वाचला. दुसरा, पायलट ऑफिसर माँटेग्यू हल्टन-हॅरप, मारला गेला. त्या युद्धात प्राण गमावलेला तो पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक मानला जातो, आणि गोळी आपल्यांचीच होती. गोळ्या झाडणाऱ्या दोघांवर लष्करी खटला चालला. दोघेही निर्दोष सुटले. ही घटना 'बार्किंग क्रीकची लढाई' म्हणून ओळखली जाते.

मी कागदावर हिशोब केला. हरिकेनच्या पंखांचा विस्तार चाळीस फूट, स्पिटफायरचा सुमारे सदतीस. १/७२ मध्ये एक पावणेसात इंचांच्या जवळ, दुसरे सहा इंचांहून थोडे जास्त. मॉडेलमधला फरक अर्ध्या इंचाचा. पंखांचा आकारही वेगळा, स्पिटफायरचा लंबगोल, हरिकेनचा जाड आणि सरळ निमुळता. टेबलावर दोन्ही ठेवली तर सातवीचे पोरही ओळखेल. पण त्या सकाळी वैमानिक टेबलापाशी नव्हते. समोर शत्रू आहे, असे त्यांना आधीच सांगितलेले होते. जे सांगितले होते तेच त्यांना दिसले.

भाड्याचे घर शोधताना माझे नाव सांगताच समोरचा सूर बदललेला मी ऐकला आहे. म्हणून असेल, त्या वाक्यापाशी मी जरा जास्त वेळ थांबलो.

डोळ्यांना वळण लावावे लागते, हे युद्धाने शिकवले आणि पोरांचा छंद शिक्षणाचे साहित्य झाला. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलाने देशातल्या शाळांकडे १/७२ मापाची पाच लाख लाकडी विमाने मागितली. मुलांनी ती वर्गात बनवायची, काळी रंगवायची आणि सैनिकांनी ती पाहून विमाने ओळखायला शिकायचे. काळी अशासाठी की आकाशात रंग दिसत नाही, आकार दिसतो. ३५ फुटांवर धरलेले मॉडेल २,५२० फुटांवरच्या, म्हणजे पाऊण किलोमीटरवरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. माप चुकले तर हे सगळे शिक्षण खोटे ठरते.

आपल्याकडेही हा प्रश्न होताच. ब्रिटिश विमानांवरच्या गोल खुणेच्या मधोमध लाल ठिपका असे आणि जपानी विमानांवर लाल गोळा. घोटाळा होऊ नये म्हणून १९४२ मध्ये या आघाडीवरच्या विमानांवरचा लाल ठिपका काढून टाकला गेला. याच युद्धात हैदराबादचा एक तरुण इंग्लंडमध्ये हरिकेन आणि स्पिटफायर ही दोन्ही विमाने शिकत होता. त्याचे नाव इद्रिस हसन लतीफ. पुढे ते भारताचे हवाई दल प्रमुख झाले आणि १९८२ ते १९८५ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आमच्या पिढीने त्यांचे नाव शाळेत ऐकलेले आहे.

स्टीव्हन्सने १९५३ मध्ये 'द शेप ऑफ द एरोप्लेन' हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी 'एअरफिक्स'ने आपला पहिला विमानसंच काढला. तो स्पिटफायरचा होता आणि माप १/७२. 'एअरफिक्स'चे संस्थापक निकोलस कोव्ह हे हंगेरीतून आलेले ज्यू निर्वासित होते. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये प्लास्टिक मॉडेल करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि आज अनेक देशांत तिच्या शाखा आहेत. स्कायबर्ड्सचे खोके केव्हाच बाजारातून गेले, माप मात्र राहिले. माझ्या वर्गातल्या मुलाच्या हातात तेच होते.

दुसऱ्या दिवशी मी उत्तर घेऊन वर्गात गेलो. मुले म्हणाली, सर, आपणही काहीतरी करू. विमान करण्याइतके कसब माझ्या हातात नाही. आम्ही पुठ्ठ्याचा आमचाच वर्ग केला, १/७२ मध्ये. भिंती, खिडक्या, फळा, सगळे टेपने मोजून. टेप अब्बांची होती. ती मी जपून ठेवली आहे, पहिले दोन इंच झिजले आहेत म्हणून मोजायला तिसऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

दार बसवून झाल्यावर कोणी न सांगता एका मुलीने कागदाचा एक इंची माणूस कापला आणि दारापाशी उभा केला. आत सरकवून पाहिला. डोक्यावर थोडी जागा उरली.

"जातोय सर," ती म्हणाली.