डॉक्टरांनाही धडा हवा

यल्लम्माचा जग डोक्यावर घेऊन, लुगडे नेसलेला जोगता दारी आला की आपल्याकडच्या बायाबापड्या सूपभर जोंधळे वाढतात, पाया पडतात. पण तोच जोगता तापाने फणफणून दवाखान्यात गेला तर त्याला बायकांच्या रांगेत उभे करायचे की पुरुषांच्या, येथपासून अडचण! ही अडचण कोठून आली, ते पाहू.

इ. स. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात अशा लोकांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंद झालेला मनुष्य बाईच्या वेषात रस्त्यावर दिसला, तर दोन वर्षांपर्यंत कैद. त्याला दत्तक घेता येईना, मृत्युपत्र करता येईना. हा भाग उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. पण सरकारी नजर कशी होती, हे त्यावरून ध्यानात येते. माणूस फौजदाराच्या वहीत आला, वैद्याच्या नव्हे.

पुढे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख दिली आणि रुग्णालयांत त्यांना योग्य उपचार मिळावेत, असे सरकारांना बजावले. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. २०१९ च्या कायद्यातील १५ व्या कलमाने डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार करण्याचे काम सरकारवर सोपवले. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली त्यांना दरसाल ५ लाख रुपयांपर्यंत उपचार देण्याचा करार झाला.

उपचाराला पैसा ठरला, ठीक. पण शिकवणीला? कलमाने काम सांगितले, रक्कम सांगितली नाही. शिवाय शिकवणे म्हणजे जुने पुसणेही आले. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मार्गदर्शिकेत समलिंगी संबंधांना अनैसर्गिक गुन्ह्यांत धरणारा मजकूर पुन्हा आला. ओरड झाली, तेव्हा सप्टेंबरात ती मागे घ्यावी लागली.

शस्त्रक्रिया काहींनाच हवी असते. ताप आणि मधुमेह कोणालाच चुकत नाहीत. रोग्याला कोणत्या नावाने हाक मारावी, तो संप्रेरकांची औषधे घेतो का, त्यांतल्या काहींनी रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो का, एवढे तरी तालुक्याच्या डॉक्टराला ठाऊक हवे. विहीर बांधली, पण मोट हाकणारा तयार केला नाही, तर शिवार कोरडेच राहणार.

आणि गुरुजी, उद्याचा डॉक्टर आज तुमच्याच वर्गात बसला आहे. चालण्याबोलण्यावरून एखाद्या पोराची टिंगल झाली, तर तिथे गप्प राहू नका. पहिला धडा तिथला आहे. त्याला अनुदान लागत नाही. पुढच्या धड्यांसाठी मात्र सरकारने हात सैल सोडला पाहिजे.