सोलेदाद बुरुजातील माया शिलास्तंभ : स्थान आणि अर्थ

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कँपेचे हे नगर स्पॅनिशांनी १५४० मध्ये वसविले. चाच्यांनी ते वारंवार लुटले. १६८५ च्या लुटीनंतर, १६८६ ते १७०४ या काळात, त्याभोवती आठ बुरुजांची तटबंदी उभारण्यात आली. त्यांपैकी सोलेदाद बुरुजात आज माया वास्तुकलेचे संग्रहालय आहे. जेत्यांनी स्वसंरक्षणार्थ बांधलेल्या भिंतींत जितांची शिल्पे सुरक्षित असावीत, हा योगायोग लक्षणीय खरा. परंतु अभ्यासकापुढे याहून मूलभूत प्रश्न उभा राहतो. मूळ स्थानापासून विलग झालेला शिलास्तंभ इतिहासाचे साधन म्हणून कितपत पुरेसा ठरतो?

वास्तुशैलीपुरते पाहता सुटा अवशेषही बोलका असतो. चेनेस शैलीत प्रवेशद्वार हाच देवतेचा विक्राळ जबडा होय. पुऊक शैलीत भिंतीचा खालचा भाग साधा, तर वरचा पट्टा शिल्पखंडांच्या जडणीने भरलेला असतो. तेव्हा एखाद्या खंडावरून त्याची शैली बहुधा ओळखता येते.

लेखांची गोष्ट निराळी आहे. दिएगो दे लांदा या धर्मगुरूने १५६२ मध्ये मानी येथे माया पोथ्या जाळविल्या. आणि पुढे त्यानेच तथाकथित माया वर्णमालेची नोंद केली. त्याने स्पॅनिश वर्णांची नावे उच्चारली आणि माया लेखनिकाने ऐकलेल्या अक्षरांची चिन्हे काढून दिली. ‘ब’ या व्यंजनासाठी ‘बे’चे चिन्ह आले. बाराखडीत वाढलेल्या वाचकाला ही गफलत चटकन उमगेल. मात्र ही चिन्हे प्रामुख्याने अक्षरदर्शक आहेत, हे युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले.

तथापि लेखांतील इतिहास प्रथम उलगडला तो केवळ ध्वनींच्या आधारे नव्हे. वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी १९६० मध्ये ग्वाटेमालातील पिएद्रास नेग्रास येथील स्तंभांचा विचार केला. तेथील स्तंभ विशिष्ट वास्तूंसमोर गटागटाने उभे होते आणि प्रत्येक गटातील तिथी एका मानवी आयुष्याच्या मर्यादेत बसत होत्या. त्यावरून हे लेख देवतांचे नसून राजांच्या जन्माचे व राज्यारोहणाचे आहेत, असा निष्कर्ष निघाला. हेच स्तंभ स्थाननोंदीवाचून एका दालनात रचले गेले असते, तर हा क्रम हाती लागणे दुरापास्त होते.

म्हणून बुरुजातील स्तंभाचे वाचन करताना त्यावरील चिन्हांइतकेच महत्त्व त्याच्या मूळ जागेच्या नोंदीला दिले पाहिजे. ती नोंद हरवल्यास अक्षरे वाचता येतील. ती कोणत्या वास्तूपुढे आणि कोणत्या क्रमाने उभी होती, हे मात्र कळणार नाही.