कोकणकड्याचा ज्वालामुखी कुठे गेला?

मागच्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. सकाळी कोकणकड्याच्या टोकाशी पोटावर पडून खाली डोकावत होतो (तिथे उभं राहून डोकावायची आपली टाप नाही). कड्यात काळ्या कातळाचे आडवे थर दिसतात, एकावर एक रचल्यासारखे. बरोबरच्या मित्राला जरा शान मारत सांगितलं, की हे सगळे लाव्हाचे थर आहेत, एकामागून एक येऊन थिजलेले. तो शांतपणे म्हणाला, "ते ठीक आहे रे, पण मग ज्वालामुखी कुठंय?"

माझी बोलती बंद. "दख्खनचं पठार लाव्हापासून बनलं आहे" हे वाक्य शाळेत पाठ केलं, पेपरात लिहिलं, एक मार्क मिळाला, विषय संपला. लाव्हा आला तरी कुठून, हे कधी डोक्यातच आलं नाही.

घरी आल्यावर शोधाशोध सुरू केली आणि तिसऱ्याच माणसात अडकलो. त्याचं नाव जॉन टुझो विल्सन. कॅनडाचा भूभौतिकशास्त्रज्ञ. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर ज्या कल्पनेतून मिळतं ती ह्या माणसाची. पण आजचा लेख त्या कल्पनेइतकाच त्याने ती कुठल्या वयात आणि काय सोडून मांडली, याबद्दल आहे.

विल्सनचा जन्म १९०८ चा, ओटावाचा. आई हेन्रिएटा टुझो नावाजलेली गिर्यारोहक, कॅनडातल्या एका शिखराला तिचं नाव आहे. पोरगंही तसंच. १९३० साली टोरांटो विद्यापीठातून भूभौतिकीची पदवी घेतली, मग केंब्रिज, मग १९३६ ला प्रिन्स्टनची डॉक्टरेट. कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नोकरी, महायुद्धात सैन्यात कर्नलपदापर्यंत बढती, आणि १९४६ पासून टोरांटोत प्राध्यापक. १९५७ ते १९६० ह्या काळात तो भूगणित आणि भूभौतिकी ह्या विषयांच्या आंतरराष्ट्रीय संघाचा अध्यक्ष होता. थोडक्यात, पन्नाशीला पोचेपर्यंत गडी पूर्णपणे 'प्रस्थापित' झालेला.

आणि ह्या प्रस्थापित माणसाचा खंडवहनाला, म्हणजे खंड सरकतात ह्या कल्पनेला, ठाम विरोध होता!

ही कल्पना आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये मांडली होती. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका जिगसॉसारख्या जुळतात, दोन्हीकडचे जीवाश्म जुळतात, वगैरे. पण एवढाले खंड ढकलतं कोण, ह्याचं धड उत्तर त्याच्याकडे नव्हतं. १९३० मध्ये ग्रीनलँडच्या बर्फात तो गेला, तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्याची कल्पना बाजूला टाकलेली होती. विल्सनचं आयुष्य गेलं कॅनडाच्या प्राचीन खडकांवर, जे अब्जावधी वर्षं जागचे हललेले वाटत नाहीत. त्याचं म्हणणं असं, की पृथ्वी निवत आणि आकसत जाते, म्हणून सुकलेल्या सफरचंदाच्या सालीसारख्या तिला सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्या म्हणजे पर्वत. खंड आहेत तिथेच राहतात. १९५० च्या दशकात त्याने ह्यावर भरपूर लिहिलं.

मग समुद्रतळाची माहिती यायला लागली. हॅरी हेसने १९६२ मध्ये मांडलं, की महासागरांच्या मधोमध असलेल्या डोंगररांगांपाशी नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. विल्सनने ह्यावर एक अगदी साधी टेस्ट केस काढली. तळ खरंच सरकत असेल, तर अटलांटिकच्या मधल्या रांगेपासून जितकं लांब जावं तितकी ज्वालामुखी बेटं जुनी सापडायला हवीत. त्याने बेटांची वयं गोळा केली. ढोबळमानाने तसंच निघालं! ते त्याने १९६३ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं.

त्याच वर्षी हवाई बेटं. तिथे तर मधली रांगच नाही, तरी बेटं एका ओळीत, आणि वायव्येला जावं तसं वय वाढत जातं. विल्सन म्हणाला, खाली खोलवर एक उष्ण जागा आहे, ती स्थिर आहे, आणि वरचा तळ सरकतोय. शिलाई मशीन आठवा. सुई एका जागी वरखाली होते, कापड पुढे सरकतं आणि टाक्यांची ओळ पडते. बेटं म्हणजे ते टाके. आज माहीत असलेल्या आकड्यांनी हिशोब करून बघा: कौआई बेट साधारण ५० लाख वर्षं जुनं आणि जागृत किलाउएआपासून सुमारे ५०० किलोमीटर लांब. म्हणजे वर्षाला १० सेंटिमीटर. प्रशांत महासागराच्या तळाचा वेग त्याच घरातला निघतो. मला तर हा भागाकार करताना काटा आला.

हा पेपर मोठमोठ्या जर्नल्सनी नाकारला. शेवटी तो छापला 'कॅनेडियन जर्नल ऑफ फिजिक्स'ने, जिथे भूशास्त्रवाले फारसे फिरकत नसत. विल्सन तेव्हा ५४ वर्षांचा होता. इतक्या वर्षांच्या नावलौकिकानंतर, स्वतःच्याच जुन्या लिखाणाविरुद्ध लिहायचं आणि वर नकार पचवायचा!

गडी थांबला नाही. १९६५ मध्ये केंब्रिजला असताना त्याने आणखी एक कोडं सोडवलं. समुद्रातल्या रांगा सलग नसतात, मधेमधे तुटून बाजूला सरकलेल्या दिसतात. सगळ्यांना वाटायचं, की त्या भेगेने रांग तोडून ओढत नेली. विल्सन म्हणाला, नाही, रांगेचे तुकडे पहिल्यापासून तसेच आहेत. घर्षण फक्त दोन तुकड्यांच्या मधल्या भागात होतं, त्यापलीकडे दोन्ही बाजू एकाच दिशेने सरकतात. कागद कापून, घड्या घालून तो हे लोकांना दाखवत असे. ह्या भेगांना त्याने 'ट्रान्सफॉर्म फॉल्ट' म्हटलं. गंमत म्हणजे ह्यात भेगेवरच्या हालचालीची दिशा नेहमीच्या समजुतीच्या बरोबर उलट येते, म्हणजे कल्पना सरळ तपासता येते. १९६७ मध्ये लिन साइक्सने समुद्रातल्या भूकंपांच्या नोंदी तपासल्या. दिशा विल्सनची निघाली.

ह्याच्या उलट केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज. प्रचंड बुद्धीचा गणिती माणूस. १९८९ मध्ये वारले, तोवर त्यांनी खंडवहन मान्य केलं नाही. म्हणजे प्रश्न बुद्धीचा नव्हता.

इथे मला माझीच लाज वाटली. तीन वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या एका मोड्यूलचं डिझाइन चुकलंय, हे टीममधल्या नवीन मुलीने गेल्या वर्षी दाखवून दिलं. मी दोन आठवडे वाद घातला. तिचं बरोबर आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वय वर्षं अठ्ठावीस, आणि वाचवायला होता काय, तर चारेक हजार ओळींचा कोड!

विल्सनचंही सगळं बरोबर नव्हतं म्हणा. हवाईखालची उष्ण जागाही पूर्वी काही काळ सरकत होती, असं नंतरच्या संशोधनात दिसलं, आणि ह्या जागा मुळात किती खोलवरून येतात यावर अजून वाद चालू आहेत. १९९३ मध्ये तो गेला. जाईपर्यंतची बरीच वर्षं, म्हणजे १९७४ ते १९८५, तो ओंटारिओच्या विज्ञान केंद्राचा प्रमुख होता.

असो. मित्राचा प्रश्न राहिलाच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपलं पठार विषुववृत्ताच्या दक्षिणेला, अशाच एका उष्ण जागेवरून जात होतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लाव्हा एखाद्या सुबक शंकूतून नाही, तर मुख्यतः लांबच लांब भेगांमधून आला. मग भारत उत्तरेला सरकला आणि मागे टाके पडत गेले: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, पुढे मॉरिशस. १९८७ मध्ये समुद्रतळाला भोकं पाडून खडक काढले, तेव्हा त्यांची वयंही उत्तरेकडे वाढत जाणारी निघाली. सुई आज रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेज हा जगातल्या सर्वात जागृत ज्वालामुखींपैकी एक.

मित्राला फोन करून सांगितलं, "तुझा ज्वालामुखी सापडला. साडेचार हजार किलोमीटरहून लांब आहे, आणि तो नाही गेला, आपण आलो."

तो म्हणाला, "मग पुढचा ट्रेक तिकडे?" :-)

आणि हो, सोमवारी त्या मुलीला सॉरी म्हणायचंय. एक वर्ष उशिरा का होईना.