तान्ह्या बाळाचें पडसें : उपचारांचा इतिहास



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो कोणत्याहि राजाच्या बखरींत सांपडावयाचा नाहीं. तान्ह्या बाळाला पडसें होतें, त्याचें नाक चोंदतें, अंगाला बारीक कणकण येते, रात्रभर तें किरकिरतें आणि घरांतील सारीं माणसें जागीं राहतात. ही गोष्ट घरोघरीं घडत आलेली आहे व यापुढेंहि घडत राहील. परंतु अशा मुलाचें काय करावें, या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं माणसांनीं जीं उत्तरें दिलीं, त्यांचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे दोन वृत्ति एकमेकींशीं झगडतांना दिसतात. एक वृत्ति मुलाकडे लक्ष देऊन पाहण्याची. दुसरी त्याला लवकरांत लवकर गप्प करण्याची. पहिलीनें मुलें वाचविलीं आणि दुसरीनें अनेकांचा घात केला, असें माझें मत आहे. त्याचाच पुरावा मी आज आपणांपुढें मांडणार आहें.

आधीं थोडें शरीराविषयीं. तान्हें मूल मुख्यतः नाकानेंच श्वास घेतें. त्याच्या नाकपुड्या चिमुकल्या असतात व त्याला नाक शिंकरतां येत नाहीं. दूध ओढतांना तोंड गुंतलेलें असतें. त्यामुळें मोठ्या माणसाला क्षुल्लक वाटणारें पडसें तान्ह्या जिवाच्या श्वासाला व आहाराला एकदमच आडवें येतें. बहुतेक वेळां तें आठवडाभरांत आपोआप ओसरतें. परंतु क्वचित् तोच विकार छातींत उतरतो व फुप्फुसदाह, म्हणजे न्यूमोनिया, होतो. साधें पडसें कोठें संपलें आणि छातीचें दुखणें कोठें सुरू झालें, हें ओळखणें हाच या साऱ्या इतिहासांतील कळीचा प्रश्न आहे.

आपल्या देशांत बालरोगांच्या चिकित्सेला कौमारभृत्य असें नांव होतें व आयुर्वेदाच्या आठ अंगांत त्याची गणना होत असे. त्या विषयावरील काश्यपसंहिता हा ग्रंथ दीर्घकाळ अज्ञात होता. नेपाळांत मिळालेल्या एका खंडित ताडपत्री पोथीच्या आधारें राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांनीं त्याचें संपादन केलें व १९३८ सालीं तो मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झाला. त्यांत वेदनाध्याय नांवाचें एक प्रकरण आहे. ज्या रोग्याला बोलतां येत नाहीं, त्याचें दुखणें वैद्यानें कसें ओळखावें, हा त्याचा विषय. पीनसानें, म्हणजे पडशानें, पछाडलेल्या मुलाचें तेथें केलेलें वर्णन आजच्या कोणत्याहि आईला पटेल असें आहे. मूल थोडें थोडें स्तनपान करतें व मध्येंच थांबून पुनःपुन्हां तोंडानें श्वास घेतें, नाक वाहतें, कपाळ तापतें, तें शिंकतें व खोकतें. नाक चोंदल्यामुळें दूध तुटतें ही खूण त्या ग्रंथकाराला नेमकी दिसली होती. मुलाच्या उशाशीं बसून पाहिल्याखेरीज असें लिहितां येत नाहीं.

औषधाच्या प्रमाणाविषयींहि आपले प्राचीन वैद्य जपून होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत केवळ दुधावर असणारें मूल, दूध व अन्न दोन्ही घेणारें मूल आणि अन्न खाणारें मूल असे तीन वर्ग केले आहेत. महिन्याहून मोठ्या दूधपित्या मुलाला बोटाच्या दोन पेरांवर मावेल इतकेंच औषध, दूध व अन्न घेणाऱ्यास बोराच्या आठोळीएवढा कल्क, अन्न खाणाऱ्यास बोराएवढा, असें प्रमाण तेथें सांगितलें आहे. शिवाय अंगावर पिणाऱ्या मुलासाठीं पाजणाऱ्या स्त्रीलाहि औषध द्यावें असा नियम आहे. या औषधांचा गुण किती, हा प्रश्न वेगळा. परंतु लहान शरीराला लहान मात्रा हें तत्त्व त्यांनीं स्पष्ट ओळखलें होतें.

तीच सावधगिरी आपल्या घरगुती उपचारांतहि कांहीं अंशीं टिकून राहिली. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून ती आधीं स्वतःच्या हाताला लावून पाहायची व मग मुलाची छाती शेकायची, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. बाळगुटी उगाळतांना सहाणेवर कशाचे किती वेढे द्यावयाचे, हें आजीबाई मोजून सांगत. तरी त्यांतहि धोका होता. जायफळाचे वेढे वाढले कीं मूल गुंगून पडे व त्या गुंगीलाच कोणी आराम समजे. गुटीबरोबर मध चाटविण्याचा प्रघात तर सर्वत्र होता. मधांतून क्वचित् बॉट्युलिझम या रोगाचे बीजाणु तान्ह्या मुलाच्या आंतड्यांत जाऊन त्याचे स्नायु लुळे पडतात, हें १९७६ नंतर उघडकीस आलें. म्हणून वर्षाच्या आंतील मुलाला मध देऊं नये, असें आज सर्वत्र सांगितलें जातें.

युरोपांतहि अशीच स्थिति होती. १७४८ सालीं विल्यम कॅडोगन या इंग्रज वैद्यानें लंडनच्या अनाथ बालकांच्या रुग्णालयाच्या एका व्यवस्थापकास पत्ररूपानें एक निबंध लिहिला. मुलांना घट्ट गुंडाळूं नका, त्यांच्यावर कपड्यांचें ओझें लादूं नका, त्यांना अतिरिक्त खाऊं घालूं नका व आईचें दूध द्या, असा त्याचा उपदेश होता. ताप आलेल्या मुलाला दुलयांत कोंडणाऱ्या घरांना तो आजहि लागू पडेल. मात्र मुलांचें संगोपन बायकांच्या हातीं राहिल्यामुळेंच बिघडलें, असेंहि त्यानें ठासून म्हटलें. इतिहासानें या मताला पुढें काय उत्तर दिलें, तें आपण पाहूंच.

एकोणिसाव्या शतकांत गिरण्या आल्या आणि मुलाला गप्प करण्याचा व्यापार सुरू झाला. इंग्लंडच्या गिरणगांवांत गॉडफ्रेज् कॉर्डियल नांवाचें अफूमिश्रित गोड औषध सर्रास विकलें जाई. अमेरिकेंत १८४९ पासून खपलेल्या मिसेस विन्स्लोच्या सुखकारक सरबतांत मॉर्फीन होतें. आपल्या मुंबईंत अफूची बाळागोळी होती. १८९३ सालीं नेमलेल्या अफूविषयक शाही आयोगापुढें हिंदुस्थानांत तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या चालीविषयीं साक्षी झाल्या. या आयांना दोष देणें सोपें आहे. दिवसभर साच्यावर उभें राहणाऱ्या बाईनें चाळींतील खोलींत मूल कोणाच्या भरंवशावर ठेवावें? गोळी दिली कीं मूल निजे, आणि मजुरी बुडत नसे. पण अफूनें श्वास मंदावतो. ज्याचें नाक आधींच चोंदलें आहे व छातींत कफ आहे, त्याचा श्वास आणखी मंदावणें म्हणजे काय, हें सांगण्याची गरज नाहीं. शिवाय गुंगलेलें मूल दूध मागत नाहीं. तें रडत नाहीं, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहतहि नाहीं.

याच शतकांत पाहण्याच्या विद्येला एक नवें साधन मिळालें. लाइप्झिगच्या कार्ल वुंडरलिख यांनीं सुमारें पंचवीस हजार रोग्यांच्या उष्णतेच्या नोंदी अभ्यासून १८६८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ताप हा स्वतंत्र रोग नसून रोगाचें चिन्ह आहे, हें त्यामुळें ठसलें. त्याच सुमारास इंग्लंडांत टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनीं सहा इंच लांबीचा, पांच मिनिटांत उष्णता दाखविणारा थर्मामीटर तयार केला व तो डॉक्टरच्या खिशांतून घरोघरीं पोंचला.

पण यंत्राबरोबर एक नवी घाईहि आली. कांचेच्या नळींतील पारा चढलेला दिसला कीं तो कसेंहि करून उतरवावा, असें वाटूं लागलें. १८९८ सालीं हेरॉइन हें खोकल्याचें औषध म्हणून बाजारांत आलें; १८९९ सालीं ॲस्पिरिन आलें व तापासाठीं मुलांनाहि दिलें जाऊं लागलें. १९६३ सालीं ऑस्ट्रेलियांतील डग्लस राय यांनीं मुलांच्या मेंदूला व यकृताला ग्रासणारा एक घातक विकार वर्णिला. त्याचा ॲस्पिरिनशीं संबंध दिसून आल्यावर १९८६ पासून अमेरिकेंत व ब्रिटनमध्यें इशारे छापले गेले आणि तो रोग विरळ झाला. सरबतांची कथा याहून दुःखद आहे. १९३७ सालीं अमेरिकेंत डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवांत कालविलेल्या एका औषधानें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं. तेंच विष २०२५ सालीं मध्य प्रदेशांतील छिंदवाड्याच्या बालकांना दिलेल्या खोकल्याच्या औषधांत निघालें व अनेक घरें ओसाड झालीं. तत्पूर्वींच, डिसेंबर २०२३ मध्यें, सर्दीच्या एका प्रचलित मिश्रणावर चार वर्षांखालील मुलांना देऊं नये असें छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनीं काढला होता. अशा सरबतांनीं तान्ह्या मुलाचें पडसें लवकर बरें होतें, असा पुरावा नाहीं.

आतां या इतिहासांतील सर्वांत आशादायक प्रकरण. पापुआ न्यू गिनींत काम करणाऱ्या फ्रँक शॅन प्रभृति डॉक्टरांनीं १९८४ सालीं दाखवून दिलें कीं, खोकणाऱ्या मुलाला फुप्फुसदाह झाला आहे कीं नाहीं, हें नळी न लावतां, केवळ त्याचे श्वास मोजून बरेंचसें ओळखतां येतें. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें वयपरत्वें मर्यादा ठरविल्या. मिनिटास श्वास दोन महिन्यांखालीं ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, व त्यापुढें पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असल्यास तो धोका समजावा. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८८ सालीं हीच पद्धत खेड्यांत नेली. गांवच्या सुइणींना साठपर्यंत मोजतां येत नसे. म्हणून वाळूचें घड्याळ व मणी यांचें एक साधें उपकरण बनविण्यांत आलें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. १९९० सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणें, या योजनेंतील गांवांत फुप्फुसदाहानें होणारे बालमृत्यु शेजारच्या इतर गांवांच्या मानानें निम्म्याहून कमी भरले. कॅडोगनला हें उत्तर आहे. निरक्षर सुइणींनीं मुलाच्या छातीकडे एक मिनिट स्थिर दृष्टीनें पाहिलें, वेळीं जंतुनाशक औषध दिलें, आणि मुलें वाचलीं.

या साऱ्यावरून आजच्या घरानें काय घ्यावें? मुलाला अंगावर पाजणें चालू ठेवावें. थोडें थोडें, पण वारंवार. पाजण्यापूर्वीं औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या शुद्ध मिठाच्या पाण्याचे एकदोन थेंब नाकपुड्यांत सोडून नाक हलकेंच पुसावें. नाकांत तेल घालूं नये, तें छातींत उतरतें. धुरी देऊं नये. कापूर नाकाशीं नेऊं नये. कपडे हलके ठेवावे. तापाचें औषध डॉक्टर सांगतील तें व तेवढेंच द्यावें. मूल तीन महिन्यांच्या आंतलें असून ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, तर सकाळची वाट न पाहतां त्याला दवाखान्यांत न्यावें. कोणत्याहि वयाच्या मुलाचा श्वास वर सांगितल्याप्रमाणें जलद झाला, श्वासाबरोबर छातीचा खालचा भाग आंत ओढला जाऊं लागला, त्यानें दूध सोडलें, लघवी कमी झाली, ओठ निळसर झाले, आंचके आले किंवा तें सुस्त पडलें, तरीहि तसेंच करावें.

श्वास मोजावयाचा तो मूल शांत असतांना, पोट उघडें ठेवून, घड्याळाचा कांटा पूर्ण एक मिनिट फिरेपर्यंत. याला पैसा लागत नाहीं व शिक्षणहि फारसें लागत नाहीं. रात्रीं मूल किरकिरूं लागलें म्हणजे बाटली शोधण्यापूर्वीं हें एक मिनिट त्याला द्यावें, एवढीच माझी आपणां सर्वांस विनंति आहे.