आरोपाविना कोठडी : प्रस्तावना

२२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सरकारने दोन घरांतल्या भावांना दोन वेगळ्या वाटांनी नेलं. दामोदर चापेकरांवर रीतसर खटला चालला, शिक्षा झाली आणि एप्रिल १८९८ मध्ये ते फासावर गेले. सरदार बळवंतराव आणि हरी नातू या बंधूंवर मात्र कसलाही आरोप ठेवला गेला नाही. मुंबई सरकारच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली त्यांना उचललं, मालमत्तेवर टाच आणली आणि १८९९ पर्यंत बंदिवासात ठेवलं. प्रत्यक्ष खुनाचा आरोप ज्याच्यावर होता त्याला न्यायालय दिसलं; ज्यांच्यावर नुसता संशय होता त्यांच्यासाठी न्यायालयाचं दार उघडलंच नाही.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला मी आधी ही हकिकत सांगतो, कारण दहशतवादाच्या संशयावरून कोठडीत गेलेल्या माणसाच्या हक्कांचा सगळा अभ्यास या विसंगतीभोवती फिरतो. आरोप म्हटला की आपल्याला धास्ती वाटते. पण कोठडीतल्या माणसाला आरोपच बोलायची जागा देतो. आरोपाला तारीख असते, कलम असतं, साक्षीदार असतात, म्हणून त्याला उत्तर देता येतं. संशयाला उत्तर कुठे द्यायचं?

आपल्या कायद्यात दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांत मिसळू न देणं ही या अभ्यासातली पहिली शिस्त. अटक ही घडलेल्या गुन्ह्यासाठी असते. स्थानबद्धता ही माणूस पुढे काही करील या भीतीपोटी असते. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीपुढे जो १५-अ अनुच्छेद मांडला, तोच आजचा बाविसावा. अटक झालेल्याला कारण कळलं पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं पाहिजे, असं तो सांगतो. आणि लगेच पुढे, स्थानबद्धाला हे लागू नाही, असंही सांगतो. स्थानबद्धाला सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिन्यांपर्यंत ठेवता येतं. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ही मुदत दोन महिन्यांवर आणायचं ठरवलं होतं. संसदेने मंजूर केलेलं ते कलम आजतागायत अमलात आलेलं नाही. मला हे कायम खुपत आलं आहे.

आणीबाणीतला जबलपूर खटला बहुतेकांना ठाऊक असतो. एप्रिल १९७६ मध्ये पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धाला उच्च न्यायालयाचा दरवाजाही नाकारला; एकटे न्या. हं. रा. खन्ना विरोधात राहिले. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते, आणि २०१७ मध्ये तो निर्णय चुकीचा ठरवणारं निकालपत्र लिहिलं त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी.

त्यापेक्षा अवघड भाग त्यानंतरचा आहे. टाडा, पोटा आणि आजचा यूएपीए हे दहशतवादविरोधी कायदे स्थानबद्धतेचे नव्हेत. त्यांत आरोप आहे, खटला आहे. तरीही यूएपीएखाली आरोपपत्रासाठी नव्वद दिवसांची मुदत न्यायालय एकशे ऐंशीपर्यंत वाढवू शकतं, आणि ४३-ड(५) हे कलम म्हणतं की पोलिसांची कागदपत्रं पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. २०१९ च्या वटाली निकालाने ही कागदपत्रं जामिनाच्या वेळी फार खोलात जाऊन तोलायची नाहीत असं सांगितलं. मग खटला रेंगाळला की कच्चा कैदी वर्षानुवर्षं आत राहतो. नाव अटकेचं, अनुभव स्थानबद्धतेचा. २०२१ च्या के. ए. नजीब निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखलं : आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ आत होता, २७६ साक्षीदार तपासायचे राहिले होते, आणि घटनेचा व्यक्तिस्वातंत्र्याचा एकविसावा अनुच्छेद ४३-ड(५) या कलमाहून वरचा ठरला. या दोन निकालांमधला ताण अजून सुटलेला नाही. नव्या अभ्यासकाला काम करायला इथे भरपूर जागा आहे.

कसाबच्या खटल्यापाशी मात्र मी वाचकाला जरा थांबवणार आहे. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात १६६ माणसं मारली गेली होती आणि जिवंत हाती लागलेला हल्लेखोर एकच. त्याचा वकील कशाला, असं तेव्हा मुंबईत उघड बोललं जात होतं, आणि जखम इतकी ताजी होती की त्या बोलण्याचा मला राग येत नाही. तरी आर्थर रोड कारागृहातल्या विशेष न्यायालयात त्याला वकील मिळाला. मे २०१० मध्ये त्याच न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं आणि त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी सोडून दिलं. त्यांची सुटका पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातही टिकली. सुरुवातीला वकील मिळाला नाही ही कसाबची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात फेटाळली, कारण वकील देऊ केला असता त्यानेच नाकारल्याची नोंद होती. पण ती फेटाळताना न्यायालयाने नियम घालून दिला : अटक केलेल्याला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे आणलं जातं तेव्हापासून त्याला वकिलाचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने, आणि हे त्याला सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. सांगितलं नाही तर खातेनिहाय कारवाई. आज मोबाइल चोरीच्या संशयावरून आणलेल्या पोरालाही हा नियम लागू पडतो.

उलट बाजूही वाचायला हवी. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल स्फोटांत मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली बारा जणांना २०१५ मध्ये शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. मोक्काखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरतो. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत आणि सर्वांना निर्दोष ठरवलं. तो निकाल पूर्वदाखला म्हणून वापरता येणार नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत दिला. आरोपींची एकोणीस वर्षं गेली. ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली त्यांचीही गेली, आणि या दुसऱ्या हिशोबाकडे आमच्या क्षेत्राने फार कमी लक्ष दिलं आहे.

वाचायला सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर मोठ्या निकालांपासून नको. आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयात जा, रिमांडच्या वेळी मागच्या बाकावर बसा. अटकेची वेळ आणि हजर केल्याची वेळ यांतलं अंतर मोजा. अटकेची कारणं लेखी दिली आहेत का ते पाहा. २०२४ पासून यूएपीएखालीही ती लेखीच द्यावी लागतात. आणि न्यायाधीश त्या माणसाकडे मान वर करून, वकील आहे का, असं विचारतात का, ते ऐका.