शालीनता आणि चोळी

वस्त्राची शालीनता आणि वस्त्राचा धर्म या दोन गोष्टी एक नव्हेत. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेला जाहीरनामा वाचताना हा भेद आम्हांस प्रकर्षाने जाणवतो. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ सालच्या ग्रंथाने तो जिज्ञासूंस सुलभ केला आहे. ख्रिस्ती पुरुषांनी हिंदूंप्रमाणे पुडवें नेसू नये, स्त्रियांनी हिंदू स्त्रियांप्रमाणे चोळी घालू नये, असा त्यातील हुकूम. वकिली नजरेस येथे एक गोष्ट खटकते. आक्षेप चोळीच्या आखूडपणावर नाही. ती कोण घालते, यावर आहे!

याउलट रोमच्या १९१७ च्या धर्मसंहितेतील १२६२ वा नियम पाहावा. चर्चमध्ये स्त्रीने मस्तक झाकावे, वेष शालीन असावा, विशेषतः प्रभुभोजनाचा प्रसाद घेताना. वस्त्र कोणत्या देशीचे असावे, याविषयी त्यात चकार शब्द नाही. (१९८३ च्या संहितेत मस्तक झाकण्याचा नियमही उरला नाही.)

हुकूम निघाला, तरी लुगडे गोव्याच्या सर्वच ख्रिस्ती घरांतून गेले नाही. ते नेसणाऱ्या स्त्रिया पुढेही चर्चला जाताना त्यावरून ‘वोल’ नावाची पांढरी चादर मस्तकापासून पांघरीत असत.